आपोआप न चालणारं मशीन

"मला आपोआप चालणारं नकोय," असं मी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा दुकानदारानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. लक्ष्मीपुरीतल्या त्याच्या शेतीअवजारांच्या दुकानात आठवड्यात मी दुसऱ्यांदा आले होते. पहिल्या खेपेला नेलेलं गवत कापायचं मशीन टेम्पोत घालून परत आणलं होतं आणि ते आता दुकानाच्या दारातच येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात उभं होतं.

"मावशी, ह्यात खराबी काय हाय ते तरी सांगा. पेट्रोलवर चालतंय, आवाज कमी, मागं नुस्तं धरून चालायचं. मशीनच माणसाला पुढं नेतंय. सगळी गिऱ्हाईकं हेच मागत्यात."

"मशीननं माणसाला न्यायचं नाही. माणूस थांबला की मशीन थांबलं पाहिजे."

"आणि माणूस कशाला थांबंल?"

मी पर्समधून मशीनची पावती काढून त्याच्यापुढं धरली. उत्तर दिलं असतं तर रडू आलं असतं, आणि तीस वर्षं वर्गात गणित शिकवलेल्या बाईनं औषधफवारणीच्या पंपांसमोर उभं राहून रडणं मला पसंत नव्हतं.

माणूस थांबत होता कारण त्याला कंपवात झाला होता. हा माणूस म्हणजे माझा नवरा. आम्ही दोघंही मूळचे मंगळवार पेठेतले. तरुणपणी हे पेठेच्या टीममधून राइट बॅकला खेळायचे आणि मॅच हरली की दोन दिवस जेवायचे नाहीत. पुढं इरिगेशनच्या ऑफिसात नोकरी केली, शहराबाहेर छोटं घर बांधलं आणि घरासमोरच्या तुकड्यात स्वतःच्या हातानं लॉन लावलं. रस्त्यावरच्या पोरांना त्यावर खेळू द्यायचे नाहीत. फुटबॉलवाल्या माणसानं एवढं गवत राखून त्यावर कुणाला पाय ठेवू देऊ नये, याची मी आयुष्यभर चेष्टा केली.

आजारानं आधी हात धरले, मग पाय. चालता चालता ते मध्येच उभे राहत, पाय जमिनीला चिकटल्यागत. उंबऱ्यापाशी तर हमखास. डॉक्टरांनी वॉकर लिहून दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "रोज चालवा. काहीही करा, पण चालवा. हे एकदा अंथरुणाला लागले की परत उठवणं अवघड आहे." काहीही करा म्हणजे काय करा, ते मात्र त्यांनी लिहून दिलं नव्हतं.

वॉकर घरी आला त्या दिवशी यांनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ही म्हाताऱ्यांची गाडी हाय. मी न्हाय धरत." वॉकरवर दुसऱ्या दिवसापासून टॉवेल वाळायला लागले. मी समजावलं, भांडले, शपथा घातल्या, जोतिबाला जाऊन नवस बोलले. माझा आवाज मुळात पेठेतला, त्यात मास्तरीण. शेजारच्या दोन गल्ल्यांना आमचं चालणं पाठ झालं होतं. हात धरून ओढायला गेले की ते लाकडासारखे ताठ व्हायचे. जितकं मी ओढावं तितके त्यांचे पाय जास्त रुतायचे. एका दुपारी माझ्या तोंडून नको ते गेलं. म्हटलं, "असंच बसून राहायचं असेल तर सुटा तरी एकदाचे." मी मोरीत जाऊन कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. त्या उन्हाळ्यात मला खरंच वाटत होतं, की यांच्याआधी मीच संपणार.

मग जूनमध्ये महिन्याकाठी येणारा माळी आला. अर्धं लॉन कापून, मशीन बंद करून तो माझ्याकडं चहाला मागच्या दारी आला. मी त्याला कप दिला आणि सहज पुढच्या खिडकीतून बघितलं तर व्हरांड्यातली यांची खुर्ची मोकळी. हे मशीनची दांडी दोन्ही हातांनी धरून चालत होते. वाकून, पण सलग. गेटपासून जास्वंदीपर्यंत, एकदाही न अडकता.

मी धावत बाहेर आले. "अहो, कुठं निघालात?"

"पट्टा ठेवलाय त्यानं मधी," ते रागानं म्हणाले. "बघ की. काम म्हणून न्हाय ह्याला."

खरंच, कापलेल्या आणि न कापलेल्या गवतामधली रेघ धरून ते पाऊल टाकत होते. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं. डोळ्यांपुढं रेघ असली, हाताला आधार असला की अडकलेला पाय सुटतो. वॉकर म्हणून जे धरणार नव्हते, ते काम म्हणून धरत होते. मला एवढंच पुरेसं होतं.

म्हणून मी मशीन घ्यायला निघाले आणि पहिल्याच फटक्यात गाढवपणा केला. नवऱ्याला त्रास नको म्हणून सगळ्यात कमी कष्टाचं, आपोआप पुढं जाणारं मशीन निवडलं. त्यानं यांना क्रोटनच्या कुंड्यांवर नेऊन घातलं. दोन्ही गुडघे सोलले, आणि चार दिवस ते मशीनकडं बघेनात. पाचव्या दिवशी मी ते परत आणलं होतं.

दुकानदारानं मग वायरवरचं दाखवलं. वायर पायात येणार. बॅटरीचं दाखवलं, ते हलकं, पण बटण दाबून धरायचं आणि यांचा अंगठा थरथरतो. साधं ढकलायचं, नुसत्या पात्यांचं मशीन मागितलं तर तो हसला. "ते आता कोण घेतंय? माझ्या वडलांच्या वेळी होतं. बंद झालं, मावशी."

तिथून बाहेर पडले तेव्हा रस्ता कुठला ते कळत नव्हतं. एक मशीन मिळेना म्हणून नवरा अंथरुणाला लागतो, हे कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. मी माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला फोन लावले. शेवटी कुरुंदवाडची माझी एक जुनी सहशिक्षिका म्हणाली, तिच्या वडिलांच्या बागेतलं तसलं एक मशीन गोठ्यात गंजत पडलंय. दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले. पिंपासारखी गोल पाती, मागं लाकडी रूळ, आणि चाकं फिरली तरच पाती फिरणार. मी ते गोठ्यातच दोन हात ढकलून बघितलं. थांबले, की ते थांबलं. मैत्रिणीला वाटलं मला घेरी आली, कारण मी तिथंच खाली बसले.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीकडं नेलं. त्यानं गंजावर हात फिरवला. "हे कशाला पुजताय, वहिनी? नवीन घ्या की."

मी त्याला सगळं सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं, त्याला सांगितलं. तो चाक फिरवून बघत म्हणाला, "मालकांच्या कोपरापास्नं जमिनीपतोर मोजून आणा. दांडी तेवढी करतो. मागनं पत्रा मारतो, म्हंजे पडलं तरी पाय पात्यात जायचा न्हाय. वजन बी घालतो थोडं, लई हलकं असलं तर माणूस तोंडावर जातंय." घरी येऊन, हे झोपेत असताना मी परकराच्या नाडीनं त्यांचं माप घेतलं. उघड घेतलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं कशासाठी ते.

मशीन आलं आणि हे चालायला लागले. रोज सकाळी चहा झाला की व्हरांड्याच्या कठड्याला टेकवलेलं मशीन धरायचे आणि गेट ते जास्वंद, जास्वंद ते गेट. मला घरात काम असल्याचं नाटक करायला लागायचं. बाहेर उभी दिसले की म्हणायचे, "काय परीक्षा घेत्यास व्हय?"

पण गवत ते केवढं! पाऊस होता तोवर वाढ होती. श्रावण सरला, ऊन पडलं, आणि रोज फिरणाऱ्या पात्यांपुढं गवत टिकेना. एके सकाळी ते खुर्चीतून उठलेच नाहीत. "गवतच न्हाय. उगीच फिरवू व्हय?" त्या दिवसापासून मी वेड्यासारखी गवताच्या मागं लागले. उजाडायच्या आत उठून पाणी मारायचं, मूठ-मूठ युरिया टाकायचा, कोपऱ्याकोपऱ्यातलं राखून ठेवायचं. ज्या लॉनची मी आयुष्यभर चेष्टा केली, त्याच्याशी उकिडवं बसून "वाढ की रे बाबा" म्हणायचे. दोन बोटं वाढ दिसली की मला जेवण जायचं.

आणि मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं-अवजारं घासूनपुसून पूजेला मांडतात. विळी, शिलाई मशीन, यांचा पाना-पक्कडचा डबा, स्कूटर. पूजेत बसलेल्या अवजाराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत. लग्न झाल्यापासून हे सगळं मीच मांडत आले. सवयीनं हात चालत होते. गवताचं मशीनही धुतलं, तेल दिलं, देवासमोर पाटाशेजारी आणून ठेवलं, हळदकुंकू लावलं, दांडीला झेंडूची माळ घातली. निरांजन ओवाळताना मागून, पूजेसाठी आत दाराजवळ घेतलेली यांची खुर्ची करकरली आणि माझा हात तिथंच थांबला. मी काय करून बसले होते?

हे दारातून व्हरांड्याच्या कठड्याकडं बघत होते. जिथं मशीन असायचं तिथं काही नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले, "देते आणून." आणि माळ काढायला लागले.

"राहू दे. पूजेतलं हाय."

"मला चालतं. देवाला काय सांगायचं ते मी सांगते. तुम्ही उठा." माझा आवाज चिरकला. एक दिवस गेला तर काय होतं, असं कुणीही म्हणेल. मला माहीत होतं काय होतं. गवत संपलं तेव्हा एका दिवसाचे नऊ दिवस झाले होते. मी माळ तोडली, झेंडू घरभर पांगले, आणि पाटाच्या कडेला अडकलेलं मशीन काही केल्या निघेना. मी तिथंच फरशीवर बसून मोठ्यानं रडायला लागले. "चुकलं माझं," म्हणत राहिले. "चुकलं ओ. मला कळलं नाही."

ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले. चार वेळा बसले आणि पाचव्यांदा उठले. दाराची चौकट धरून म्हणाले, "अवजारात मांडलंस, बरं केलंस. वॉकर म्हणून आणलंस ते मला ठावं हाय. पाणी मारत्यास ते बी बघतोय रोज. हिकडं ये."

मी डोळे पुसत गेले. त्यांनी मला पाठमोरी उभी केली आणि थरथरणारे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले.

"चल. तू हो फुडं."

मी निघाले, आणि सवयीनं भरभर निघाले. उंबऱ्यापाशी त्यांचे हात ताणले गेले, बोटं रुतली.

"वडू नगंस," मागून आवाज आला. "येतोय की मी."

मी थांबले. उंबऱ्याच्या बाहेर माझा एक पाय, आत एक. मागं वळून बघायचं नव्हतं. खांद्यांवरचं वजन वाढत गेलं, आणि मागचं पाऊल वाजायची वाट बघत मी तशीच उभी राहिले.