चौथ्या गाण्यामागचा आवाज

आमच्या बँडच्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी मी आमच्या मेलेल्या गायकाचा आवाज कॉम्प्युटरवरून पुसून टाकला. चुकून नाही, चांगला विचार करून. माझ्या मोठ्या चुका सगळ्या विचार करूनच झालेल्या आहेत.

पहिला अल्बम त्याच्याच गळ्यावर चालला होता. दुसऱ्यासाठी तो नऊही गाणी कच्ची गाऊन ठेवून गेला, नुसती आम्हाला वाजवायला आधार म्हणून, आणि त्याच आठवड्यात मौद्याच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली. त्या कच्च्या आवाजावर आम्ही वाद्यं भरली. आता गायचं कोणी? मी हात वर केला. पण मी एक ओळ गायची आणि लगेच त्याची तीच ओळ ऐकायची, हे चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी पुसलं. ड्रमरकडे एक कॉपी असेल असं मी धरून चाललो होतो. ड्रमरही माझ्याबद्दल तेच धरून चालला होता.

अल्बम आला. लोकांनी लिहिलं, नवा गायक मंगल कार्यालयात हरवलेल्या चपलांची घोषणा केल्यासारखा गातो. पण चौथ्या गाण्यात मागे, फार लांबून, कोण गातंय, हे सगळ्यांनीच विचारलं.

भर दुपारी मी ऐकलं. तोच होता. महाल भागातल्या आमच्या खोलीत रेकॉर्डिंगला कूलर बंद ठेवावा लागे. चौथ्या गाण्याला उकाड्यापायी मी हेडफोन एकाच कानावर ठेवून गिटार वाजवली होती, आणि मोकळ्या बाजूनं सांडलेला त्याचा आवाज गिटारच्या माईकनं उचलला होता. एका समीक्षकानं त्याला धाडसी प्रयोग म्हटलं. मीही ‘हो, मुद्दामच’ म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून भांडी घासताना गुणगुणलो तरी तो मागून ऐकू येई, माझ्या अर्धी मात्रा पुढे.

मग पारशिवनीहून त्याच्या आईचा फोन आला. ते चौथं गाणं त्यानं तिच्यावर लिहिलं होतं, पण तिला कधी गाऊन दाखवलं नव्हतं. तिला ते त्याच्या तोंडून, नीट ऐकायचं होतं.

लॅपटॉप घेऊन गेलो. माझा आवाज बंद केला, ड्रम बंद केले. उरली गिटार आणि तिच्यामागे तो. त्याच्या आईनं पंखा बंद करायला लावला, स्पीकरला कान टेकवला. गिटारही बंद कर म्हणाली. गिटार गेली की तोही जातो, मी सांगितलं. तर मग त्याचं मूळचं लाव, म्हणाली. तेव्हा मला पुसल्याचं सांगावंच लागलं.

ती स्क्रीनवर थरथरणाऱ्या रेघेकडे पाहत राहिली.

“मी गाऊन राहिलो होतो, काकू, अन् मले त्याचंच ऐकू येऊन राहिलं होतं.”

“आवाज पुसाचाच होता, तं तुया पुसाचा होता न गा,” ती म्हणाली.