लहानूभाऊंचा देवमासा

मरोद्याचे लहानूभाऊ रंगारी नॉर्वेचा समुद्र बघून आले, तर आमच्या पोलाद कारखान्याच्या कॉलनीत लोक हसले. माझं डोकं फिरलं. भट्टीवर जन्म काढलेल्या माणसानं समुद्र बघू नये, असा कायदा कोणी केला?

हौस तशी त्यांची नव्हतीच. गिरजावहिनींची. टीव्हीवर देवमासा दिसला की वहिनींची भाकर तव्यावर करपायची. लेक संघमित्रा तिकडे नॉर्वेतच नर्स आहे. तिनं आईबाबांसाठी देवमासे दाखवणाऱ्या लहान जहाजाची सफर ठरवली, आणि इकडे वहिनींना कॅन्सर निघाला. दवाखान्यात त्या म्हणाल्या, "तुमी जा. पाहून या अन् मले सांगा."

"तू नसशीन तं कोनाले सांगू?"

"रोज हवेतच तं बोलता. मी कधी आयकते?"

वहिनी गेल्या. लहानूभाऊ लेकीसोबत जहाजावर चढले. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी गळायचं, पण कठडा सोडायला तयार नाहीत.

"बाबा, चहा तरी घ्या आत येऊन."

"मी चहा पेत बसन अन् तो निघून जाईन."

शेवटच्या दिवशी देवमासा जहाजाला लागूनच वर आला. सगळ्यांना बोलवायला कप्तानानं भोंगा दिला.

आता भट्टीवरच्या माणसाला भोंगा म्हणजे काय, ते बाबू लोकांना कळायचं नाही. भोंगा झाला की वितळलेलं लोखंड सुटणार. बघत उभं राहायचं नाही. पाठ फिरवायची, शेजारच्याला ओढायचं आणि भिंतीआड बसायचं. ही सवय पेन्शन लागल्यावर सुटत नाही. लहानूभाऊ गर्रकन फिरले, संघमित्राला ओढून केबिनच्या भिंतीआड खाली बसवलं, तिचं डोकं छातीशी दाबून धरलं. तिकडे लोक टाळ्या वाजवून राहिले होते.

ते उठले तेव्हा देवमासा बुडाला होता, तिथं पाण्यावर नुसता गुळगुळीत गोल डाग उरला होता.

"मित्रे, तू तरी पाह्यला का?"

"नाही बाबा."

जवळच्या एका बाईनं मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे केला. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

परवा भेटायला गेलो, तर अंगणात बसले होते. जयभीम झाला, मग ही सगळी हकीकत सांगितली. मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, पाह्यला म्हणून सांगून टाका वहिनीले. कोन तपासून राहिलं?"

"अन् तिनं इचारलं, डोळे कसे होते त्याचे, तं?"