रुमालाखालची बोटं

दादाच्या खोलीत जाताना मी कोपरापर्यंत हात धुते, मास्क लावते आणि त्याच्या खाटेपासून लांब उभी राहते. माझ्या अस्थिमज्जेतल्या पेशी आता त्याच्या रक्तात फिरत आहेत. त्या त्याच्या शरीराला आपलं मानतील की परकं, हे अजून कळायचं आहे.

काल डॉक्टर म्हणाल्या, "या पेशी लांबून निकाल देत नाहीत. समोरच्या पेशीला जाऊन चिकटतात, तिला चाचपतात आणि मग ठरवतात."

दादाचा जन्म बैलबाजारात गेला. तो लगेच म्हणाला, "म्हणजे रुमालाखालचा सौदा!" तिथे दोघं रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

"पण तुझ्या पेशी तुझ्यासारख्याच असणार, सुमे. सहज मानायच्या नाहीत."

"करू देत घासाघीस. सौदा मोडून उठू देणार नाही मी त्यांना."

तो हसला. मी कामाशी काम ठेवणारी बाई. त्याचे डबे, औषधं, तपासण्यांच्या वेळा, सगळं फोनवरून चोख लावून देते. दिवसातून दहा निरोप जातात, त्याचं 'बरं आहे' येतं, आणि मी पुढच्या कामाला लागते. शरीरातही निरोप पुष्कळ फिरत असतील. पण आपलं कोण, हे ठरवायला तिथेही जवळच जावं लागतं.

"हात धरला तर चालेल?" मी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी हातमोजे दिले.

त्याने माझी बोटं घट्ट दाबून धरली.

"दादा, भीती वाटते?"

"लई."

मी खुर्ची खाटेला भिडवली आणि बसले.