आपल्यातला

ओहायोत शिकत होतो तेव्हा माझा रूममेट पश्चिम आफ्रिकेतला होता. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. त्याच्या देशात निवडणूक होती आणि घरून टपालाने येणारी शिळी वर्तमानपत्रं तो परीक्षा असल्यासारखी वाचायचा. त्याचा एक लाडका पुढारी होता. म्हातारा वकील, सगळी हयात राजकारणात घालवलेला.

तो हरला. मित्राने टेबलावर देशाचा नकाशा पसरून मतं रंगवली. पुढाऱ्याची भाषा बोलणाऱ्या मुलखात मतंच मतं. नदीपलीकडच्या मुसलमान उत्तरेत भोपळा. पूर्वेला जमात वेगळी, तिथेही भोपळा. माझा मित्र मुसलमान, पुढारी ख्रिस्ती, पण भाषा एकच, म्हणून घरच्या मुलखात धर्म आड आला नव्हता.

"हा कसला देशाचा नेता?" मी हसलो. "जातपंचायतीचा सरपंच आहे तुझा!"

तो चिडला नाही. "माझ्या वडिलांना सही येत नव्हती," तो म्हणाला. "याने फी माफ केली म्हणून मी शाळेत गेलो. पण मी त्याच्या बाजूचा आहे तो शाळेमुळे की जमातीमुळे, हे माझं मलाच कळत नाही."

त्यावर मी लोकशाहीवर भाषण ठोकलं. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच वर्षी दिवाळीत आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाची निवड होती. एका बाजूला डॉक्टरकाका. मी अमेरिकेत उतरलो तेव्हा मला विमानतळावरून आणणारे, दीड महिना घरी ठेवून घेणारे, बर्फात गाडी चालवायला शिकवणारे. मुलं घरी इंग्रजीतच उत्तरं देतात म्हणून त्यांना रविवारची मराठी शाळा काढायची होती. अध्यक्ष व्हायचं होतं ते तेवढ्यासाठी. दुसरे एक इंजिनिअर, गावात नवे. माझं त्यांच्याशी धड बोलणंही झालं नव्हतं.

आदल्या दिवशी एका काकूंचा फोन आला. "उद्या व्होटिंग आहे, विसरू नकोस हं. इंजिनिअर आपल्यातलेच आहेत."

"आपल्यातले," मीही म्हणालो.

फोन ठेवल्यावर मित्राने त्या शब्दाचा अर्थ विचारला.

"आपला माणूस."

"म्हणजे भारतीय?"

"नाही."

"मराठी?"

"नाही."

त्याने पुढे विचारलं नाही. "आम्हाला नकाशा रंगवावा लागतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर मी इंजिनिअरांचं नाव लिहिलं. कुणी बघत नव्हतं, कुणाची सक्ती नव्हती. काका पडले. मराठी शाळा कधीच निघाली नाही.

निकालानंतर मंडळाचं दिवाळीचं जेवण होतं. काकांनी आग्रहाने मित्रालाही बोलावलं होतं. करंज्यांचं ताट घेऊन ते आमच्या टेबलापाशी आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पडलो रे. जाऊ दे. तू तरी होतास ना, आपल्यातला!"

मित्राने मान वर केली. "हा शब्द मला माहीत आहे," तो इंग्रजीत म्हणाला.

"अरे वा! काय अर्थ सांगितला याने?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहत होतो.

"मित्र," तो म्हणाला.

काका एवढे खूष झाले की त्यांनी आम्हा दोघांनाही एकेक करंजी जास्तीची वाढली. मी ती खाल्लीसुद्धा.