दाते, चिमटा आणि देवरेकाकू

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांची एक गंमत असते. तिकिटं जमतात चार, किस्से चाळीस! नाशिकला कॉलेज रोडच्या मागे एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी आम्ही भेटतो. जाणकार एकच, निवृत्त मास्तर कुलथे सर. बाकी आम्ही सगळे शिकाऊ. एकदा भिंगाला डोळा लावला की वेळ कुठे जातो, कळत नाही.

*

पहिल्या रविवारी मी ऐटीत माझी वही काढली. तिकिटं नीटनेटकी दिसावीत म्हणून प्रत्येकाच्या कडेचे दाते मी कात्रीनं सरळ कापून टाकले होते!

सरांनी भिंगातून पानन् पान बघितलं. मग प्रेमानं म्हणाले, "वा! सगळ्यांची दाढी केलीत!"

दाते गेले की तिकिटाची किंमतही जाते, हे मला त्या दिवशी कळलं.

*

ओझरचे पवार विमानाच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतात. तिकिटंही ते व्हर्नियरनंच मोजतात. एकदा ओरडलेच, "सर, हे अर्धा मिलिमीटर मोठं हाय! छपाईची चूक! लय दुर्मिळ माल!"

"पवार, लिफाफ्यावरून सुटावं म्हणून भिजवलं होतंत ना? पाण्यातून कधी काढलंत?"

"आत्ताच की."

"आधी वाळू द्या."

पवार तासभर त्या तिकिटाशेजारी बसून होते. मग हळूच म्हणाले, "आकसलं, सर."

*

देवरेकाकू आल्या त्या यजमान गेल्यावर. यजमानांनी जन्मभर तिकिटं जमवली आणि कपाटाला कायम कुलूप. भाचा म्हणतो, विकून टाक. काकू म्हणाल्या, "विकायचं मग बघू. ह्यांचा एवढा जीव कशात अडकला होता, ते मला आधी कळू दे."

तिकिटाला बोट लावायचं नसतं, म्हणून सरांनी त्यांच्या हातात चिमटा दिला.

"अहो, मी तव्यावरची भाकरी हातानं उलटते!"

पण शिकल्या. दर रविवारी एकेक अल्बम आणायच्या, उजेडात तिकिटं धरून कागदातला वॉटरमार्क शोधायच्या.

"दिसला का?" सर विचारायचे.

"तो दिसला. ह्यांचं मन काही दिसलं नाही."

*

वाळत घातलेली तिकिटं उडतात म्हणून आमच्याकडे भर उन्हाळ्यातही पंख्याला बंदी. परातीतल्या पाण्यात तिकिटं हळूहळू लिफाफ्याचा कागद सोडत असतात आणि आम्ही घाम पुसत नुसते बघत बसतो. मला त्यासारखं सुख नाही.

एकदा वाचनालयाच्या शिपायांना आमची दया आली. त्यांनी पंखा पाचवर केला! शे-दीडशे तिकिटं खोलीभर! आम्ही चिमटे घेऊन रांगतोय, आणि काकू मात्र मान वर करून उभ्या.

"राहू द्या हो थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी बाहेर आलीत बिचारी!"

*

गेल्या महिन्यात कपाट रिकामं झालं. तळाशी निघालेला एक बंद लिफाफा काकूंनी आणला. लग्न ठरल्यावर यजमानांनी त्यांना माहेरी, मनमाडला पाठवलेला. पत्ता अर्धवट म्हणून पोस्टानं तो नाशिकला परत केला होता. काकूंना तो कधी मिळालाच नाही आणि यजमानांनी त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाही.

सरांनी लिफाफा भिंगाखाली धरला. "दोन्ही गावांचे शिक्के, परतीचा शेरा, आणि अजून बंद! वहिनी, अख्ख्या संग्रहात किमतीची वस्तू ही. फोडू नका, किंमत जाईल!"

"जाऊ दे," म्हणत काकूंनी अंबाड्यातली पिन काढली आणि लिफाफा फोडला.

त्यांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. सत्तरीच्या काकू चक्क लाजल्या.

"काय लिहिलंय?" मला राहवेना.

"रविवारी चार वाजता मनमाड स्टेशनवर थांबतो, म्हणतायत."

पवारांनी घड्याळ बघितलं. साडेअकरा झाले होते.

"चला काकू," ते म्हणाले, "गाडी खालीच हाय. निवांत पोचू!"