आमचा संघ पाचवा येणार होता

त्या वर्षी आमचा संघ पाचांत पाचवा येणार हे मला मार्चमध्येच कळलं होतं, आणि कागदावर मी लिहिलं, पहिला. त्या एका शब्दापायी पुढचे सहा महिने मी काय भोगलं ते माझं मला माहीत. संघ बेसबॉलचा. 'आमचा' आपला म्हणायचा म्हणून. तो अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका शहराचा होता आणि त्या शहरात मी अजूनही पाऊल ठेवलेलं नाही. मी राहायचे इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊला, नवऱ्याची नोकरी तिथल्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका गोदामात होती म्हणून, आणि रोज ट्रेनने रीडिंगला एका पुण्याच्या कंपनीच्या ऑफिसात कामाला जायचे. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि तोंडावर सांगायच्या. सासूबाई म्हणायच्या, हिला याचे पैसे मिळतात हेच नवल, ही हे फुकट करायची.

आम्ही ज्या अमेरिकन कंपनीचं काम करायचो, तिथले एक साठीचे साहेब रोज आमच्या दुपारी तीन वाजता, म्हणजे त्यांच्या सकाळी नऊला, फोनवर यायचे. पाठीमागे आम्ही त्यांना आजोबा म्हणायचो. आजोबांची पहिली पाच मिनिटं बेसबॉलची असत. काल कोण हरलं, कुणाचा खांदा दुखावला. आम्ही सात जण स्पीकरफोनभोवती बसून योग्य जागी हसायचो, आणि ती योग्य जागा ओळखण्यात आमचे टीम लीड पटाईत होते. मला मात्र न कळलेल्या गोष्टीवर हसणं जमत नाही, चीड येते. माझे वडील नागपूरला क्लबच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरर होते आणि आठव्या वर्षापासून मी पेन्सिल घेऊन त्यांच्या शेजारी बसलेली. म्हणून इथल्या एका उन्हाळ्यात हट्टाने बेसबॉलचं स्कोअरशीट भरायला शिकले.

सामने तिथल्या संध्याकाळी, म्हणजे आपण झोपेत असताना. सकाळी उठलं की इंटरनेटवरून सामन्याचा तपशील छापून घ्यायचा, निकालाची ओळ घडी घालून झाकायची, आणि ट्रेनमध्ये एकेक चौकोन भरत जायचं. मेडनहेड येईपर्यंत चार डाव, ट्वायफर्डला सात, आणि रीडिंगच्या प्लॅटफॉर्मवर उतरताना नववा, शेवटचा डाव आणि निकाल. एकदा शेजारच्या गृहस्थाने अदबीने विचारलं, ही कुठली नवी सुडोकू? आजोबांना माझ्या या उद्योगाचा पत्ता लागला आणि ती पाच मिनिटं आम्हा दोघांची झाली. मी त्यांच्याशी भांडायचेसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं.

त्या हिवाळ्यात संघाने एक नामांकित फलंदाज आणला. शहरभर त्याचे फलक लागले, असं आजोबा म्हणाले. माझं गणित वेगळं होतं. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, एकदा मैदानात उतरला की पुढचे चार दिवस त्याच्या हाताला विश्रांती लागते. म्हणून पाच जण लागतात, पाळीपाळीने. आमच्या पाचांतला सगळ्यात भारी पिचर आदल्या ऑगस्टपासून सहाव्या डावात ढेपाळायला लागला होता. कुठल्या बातमीत नव्हतं, पण माझ्या कागदांवर ते स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्याच्या कोपराचं ऑपरेशन झालेलं. तिसरा चाळिशीला टेकलेला. उरलेले दोघे कच्चे. गटातल्या बाकी चार संघांपैकी दोघांकडे तरणेबांड पिचर होते, एकाकडे बक्कळ पैसा, आणि ज्या चौथ्याला सगळे हसायचे त्याने गपचूप चांगली पोरं तयार केली होती. "हा तुमचा नवा हिरो पाच धावा आणेल आणि आपण सात देऊ," असं मी फेब्रुवारीत आजोबांना म्हटलं. "मलाही तीच भीती आहे," ते म्हणाले.

दर मार्चमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आठवड्यात, आजोबा एक तक्ता पाठवायचे. गटातले पाच संघ, एक ते पाच क्रम लावायचा, खाली आपलं नाव. मग फोनवर ते सगळ्यांचे अंदाज मोठ्याने वाचणार. आमच्या ऑफिसात या तक्त्याची एक रीतच पडून गेली होती. लीड तो एकदा भरायचे, आजोबांचा संघ पहिला, आणि बाकीचे तोच कॉपी करून खाली आपापलं नाव घालायचे. क्लायंटच्या संघाला दुसरा नंबर देणार कोण? मीही आधी दोनदा तेच केलं होतं. पहिल्या वर्षी मला खेळ कळत नव्हता आणि दुसऱ्या वर्षी संघ खरंच बरा होता, त्यामुळे मनाला काही टोचलं नव्हतं.

त्याच मार्चमध्ये दुसरीकडून घाव बसला. वर्क परमिटवर चार वर्षं काढली की या देशात कायमचं राहता यायचं, आणि माझी चार वर्षं जूनमध्ये भरत होती. सरकारने चाराची पाच केली, आणि आधीपासून रांगेत असलेल्यांनाही तोच नियम लावला. म्हणजे आणखी एक वर्ष, याच कंपनीत, याच परमिटवर. इकडे आजोबांच्या कंपनीचं कंत्राट सप्टेंबरअखेर संपत होतं. ते गेलं की आमची टीम पुण्याला परत, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. नवरा माझ्या परमिटवर इथे आलेला. नागपूरचं दुकान बंद पडल्यावर गोदामात खोकी उचलण्यापासून त्याने सुरुवात केली होती आणि नुकताच शिफ्ट मॅनेजर झाला होता. परत जायचं म्हणजे त्याने चाळिशीत पुन्हा शून्यापासून काहीतरी शोधायचं. तो फक्त रोज विचारायचा, "आज आजोबा कसे होते?"

तक्ता आला त्या दिवशी मी माझा वेगळा भरायला घेतला. लीडना कसा वास लागला देव जाणे. खुर्ची ओढून माझ्या डेस्कपाशी बसले.

"अगं, तू त्यांना पाचवा नंबर देतेयस?"

"ते पाचवेच येणारेत."

"येऊ देत की! सीझनच्या एंडला येतील, तोपर्यंत रिन्यूअल साइन झालेलं असेल. हा काय टेस्ट रिपोर्ट आहे का? जस्ट अ बिट ऑफ फन. त्यांना बरं वाटू दे ना."

"त्यांना माझं मत माहितीये. मीच सांगितलंय."

"फोनवर दोघांत बोलणं वेगळं. हे सगळ्यांसमोर वाचणारेत ते, त्यांचे बॉसेस असतील कॉलवर." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझी मोठी इयर सिक्समध्ये आहे गं. तिला हवं ते सेकंडरी स्कूल मिळालंय. मी तिला काय सांगू?"

पुण्याची माणसं तोंडावर बोलण्याबद्दल प्रसिद्ध. दुकानात गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायला त्यांना मुहूर्त लागत नाही. पण तीच माणसं क्लायंटच्या फोनवर बसली की जिभेवर साखर. हे मी त्यांना ऐकवणार होते, पण त्या मुलीचं नाव निघालं आणि मला माझ्या नवऱ्याचा चेहरा दिसला. मी भांडखोर आहे तशी भित्रीही आहे. पाच खोडून मी एक लिहिला.

फोनवर आजोबांनी एकेक अंदाज वाचला. पहिला, पहिला, पहिला. प्रत्येकाला 'थँक यू' म्हणत होते. माझं नाव आलं आणि ते थांबले.

"तूसुद्धा?"

"नवा फलंदाज आलाय ना," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

लाइन तुटली की काय म्हणून लीडनी वाकून फोनवरचा दिवा पाहिला. मग आजोबा म्हणाले, "ठीक आहे. कामाकडे वळू." त्या दिवसापासून पाच मिनिटं बंद झाली. तीन वाजता फोन लागायचा आणि थेट कामाला सुरुवात व्हायची.

एप्रिलमध्ये मी एका कामाच्या रिपोर्टवर 'तयार' असा शेरा दिला. आजोबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "हे तुझं मत आहे, की तक्त्यातल्यासारखं?" पुढच्या आठवड्यापासून त्यांनी तिकडे एक माणूस बसवला, माझं काम पुन्हा तपासायला. चार वर्षांत माझ्या 'तयार'वर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आता रोज एक नवी शंका यायची, प्रत्येक शंकेला पुरावा जोडायचा, आणि लीड मागे उभे राहून म्हणायचे, जरा गोड शब्दांत लिही.

आणि संघ हरत होता. जसा हरेल म्हटलं होतं अगदी तसाच. सहाव्या डावात ढेपाळणारा मे महिन्यात पाचव्यातच ढेपाळायला लागला. कोपरवाला दोन सामने खेळून घरी बसला. नवा फलंदाज इमानेइतबारे चेंडू भिरकावून धावा आणत होता आणि पुढच्याच डावात आमचे पिचर ते सगळं परत करत होते. जूनमध्ये संघ पाचव्या नंबरला पोचला. एरवी माझा अंदाज इतका खरा ठरला असता तर मी ऑफिसभर मिरवले असते. आता ट्रेनमध्ये ती घडी उलगडायला हात धजेना. प्रत्येक पराभव आजोबांना नव्याने सांगणार, की हिला ठाऊक होतं आणि ही खोटं बोलली. आयुष्यात पहिल्यांदा मी गणपतीला साकडं घातलं, की देवा, माझं चुकू दे. त्याला बेसबॉल कळत नसावं.

ऑगस्टमध्ये एक मोठं काम आजोबांच्या कंपनीच्या हाती द्यायचं होतं. आदल्या दिवशी मला एक चूक सापडली. ग्राहकाने पत्ता बदलला तरी काही वेळा पत्रं जुन्याच पत्त्यावर जात होती. लीड म्हणाले, मायनर आहे, नंतर फिक्स करू, आत्ता रिन्यूअलच्या तोंडावर डिले नको. तीन वाजता आजोबांनी विचारलं, "तयार?" लीडनी "येस" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्या आधी मी म्हटलं, "नाही." लीडनी म्यूट दाबला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घराला काडी लावलीय. काम आठवडाभर लांबलं. लीड दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सप्टेंबरच्या मध्यावर मी संध्याकाळी रीडिंगच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते. मोबाइल वाजला. आजोबा होते, पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या फोनवर.

"पुढच्या वर्षी आपलं काय?" त्यांनी विचारलं.

सहा महिन्यांनी बेसबॉल. मला रडूच आलं. "पुढच्या वर्षीही नाही," मी म्हटलं. "त्या दोन कच्च्या पोरांना अजून दोन वर्षं लागतील. फलंदाज विका आणि पिचर आणा."

ते हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "ऐक. कंत्राट पुढे चालू राहील, पण रीडिंगमध्ये सातांपैकी दोनच जागा राहणार. एक तुझी, ते मी ठरवलंय. दुसरी तुमच्या लीडला द्यावी असं इथल्या लोकांचं म्हणणं आहे. मला एकच सांग. वाईट बातमी असली तर तो मला वेळेवर सांगेल?"

समोरून लंडनची गाडी आली, थांबली, सुटली. माझी होती, मी चढले नाही. नव्या शाळेत, इयर सेव्हनला, दोन आठवड्यांपूर्वी लागलेली लीडची ती मुलगी मला माहीत होती. दिवाळीत माझ्याकडून रांगोळी शिकायची. 'सांगेल' एवढंच म्हणायचं होतं. पण मी एकदा फसवलंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि दुसऱ्यांदा पकडले गेले तर माझी जागाही गेली असती. लोक म्हणतात खरं बोलायला धैर्य लागतं. मार्चमध्ये मी भीतीने खोटं बोलले होते आणि आता भीतीनेच खरं बोलले.

"नाही," मी म्हटलं. "नाही सांगणार."

"थँक यू," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ऑक्टोबरच्या हाफ टर्मच्या शाळेच्या सुट्टीत लीड कुटुंबासकट पुण्याला गेले. स्टेशनबाहेर हीथ्रोच्या बसपाशी मी पोचवायला गेले होते. मुलगी हेडफोन लावून खिडकीत बसली होती, बाहेर बघतच नव्हती. लीड म्हणाले, "निदान तू तरी टिकलीस, बरं झालं." मी त्यांच्या बॅगा चढवायला मदत केली.

पुढच्या जूनमध्ये माझ्या पासपोर्टवर कायमचं राहण्याचा तो शिक्का बसला. नवऱ्याने शेजारच्या चार घरांत पेढे वाटले. पहिला फोन आला तो पुण्याहून, लीडचा. मनापासून आनंद झाला होता त्यांना, आवाजात कळत होतं. मुलीला नवी शाळा अजून रुचत नाही, म्हणाले, पण होईल सवय. मग त्यांनी विचारलं, "एक विचारू का गं? तेव्हा आजोबा तुझ्याशी माझ्याबद्दल काही बोलले होते का?"

"नाही हो," मी म्हटलं. "काहीच नाही."