हरीशचा दोन खुंट्यांचा तंबू

हरीशच्या पायाला भिंगरी आहे, असं रियाधमधली मित्रमंडळी कौतुकानं म्हणत. गुरुवारी संध्याकाळी तो तंबू, चटई, शेगडी डिकीत कोंबायचा आणि बायको सुधाला, मुलगा रोहनला घेऊन सुटायचा. अल खर्जच्या वेशीवर नगरपालिकेची बाग आहे. लांबच्या वाटेचे गाडीवाले तिथं तंबू ठोकतात, नळावर भांडी घासतात आणि सकाळी पुढच्या रस्त्याला लागतात. हरीश मात्र दोनच खुंट्या ठोकायचा आणि चहा होतो न होतो तोच उठायचा. पुढच्या बागेत म्हणे सावली जास्त! कौतुक कसलं डोंबलाचं, हा माणूस बायकोच्या प्रश्नांपासून पळत होता.

बँकेनं त्याला दोन महिन्यांपूर्वीच नारळ दिला होता. तरी रोज टाय लावून तो घराबाहेर पडायचा आणि मॉलच्या पार्किंगमध्ये बसून नोकऱ्यांसाठी अर्ज करायचा. सुधाला सांगायला जीभ रेटत नव्हती. तिनं अल मलाझमध्ये मोठं घर पसंत केलं होतं, पडद्यांचे रंगसुद्धा ठरले होते. रविवारी करारावर सही व्हायची होती. त्याआधी सांगणं भाग होतं.

त्या गुरुवारी शेजारच्या तंबूतले अबू फहद कॉफीची किटली घेऊन आले. कुटुंबासह मदिनेला निघाले होते. इथली रीत अशी की पुरे झालं की पाहुण्यानं रिकामा पेला जरा हलवायचा, नाहीतर यजमान ओततच राहतो. भारतातून नव्यानं आलेल्या प्रत्येकाला हे शिकवायचा तो हरीशच.

तुम्ही इथून पुढे कुठं, असं अबू फहदनी सहज विचारलं. हरीश उत्तराऐवजी पेला पुढे करत राहिला आणि पीत राहिला. किटली संपली. अबू फहदनी हसून दुसरी मागवली. रोहनला तर हसू आवरेना.

सुधा हसली नाही. तिनं हरीशच्या हातातला पेला काढून घेतला, हलवला आणि आभार मानून अबू फहदना परत दिला. अबू फहद गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "पुढचं विचारलं की असा पळतोस. नोकरी गेली ना?"

"खलास. इकामाही या महिन्यापुरताच, मग इथं राहता येणार नाही."

सुधाला नोकरीपेक्षा त्याच्या गप्प बसण्याचा राग आला, आणि त्याहून जास्त त्याची कीव आली.

"दोन महिने एकट्यानं गिळत बसलास. आणि मी मेली पडद्यांचे रंग निवडत होते."

तिनं तिथूनच एजंटला फोन लावून घर नको म्हणून कळवलं. हरीश सवयीनं उठला, खिशात किल्ली चाचपू लागला. पुढच्या बागेत जाऊ या, म्हणाला.

"कुठ्ठं जायचं नाही," सुधानं हात पुढे केला.

त्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली. मग रोहनकडून हातोडी मागून घेतली आणि तंबूच्या उरलेल्या खुंट्या ठोकायला बसला.